अजून एक पाणी

आमच्या भावोजींचा धंदा कुणाला एका दमात सांगून कळलाय असं कधी झालेलं नाही. टाकीवाले म्हटलं की लोक त्यांना गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरायला बोलावतात. मासेवाले म्हटलं की भाव विचारतात. ते करतात काय, तर हॉटेलात, दवाखान्यात, जिथे माणसांना ताटकळत बसावं लागतं अशा ठिकाणी भिंतीत ज्या मोठाल्या काचेच्या टाक्या असतात ना, समुद्रातल्या माशांच्या, खाऱ्या पाण्याच्या, त्या सांभाळतात. माझी ताई म्हणायची, आमचे हे माशांचं सगळं वेळच्या वेळी बघतात, स्वतःच्या आंघोळीला मात्र तीनदा हाक मारावी लागते.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, त्यांची बायको. मी दोन गल्ल्या सोडून राहते, शिवणकाम करते, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला राग आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला त्यांच्यात धराल. मी तोंडाळ आहे एवढं कबूल, बाकी काही नाही.

तर खाऱ्या पाण्याच्या टाकीला एक उभं नळकांडं असतं. पंप त्यात हवा घुसळतो, फेस वर चढतो, आणि माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं त्या फेसाला चिकटून वरच्या कपात साचतं. रंग कडक कॉफीचा. वास कसा, ते जेवल्या माणसापुढे सांगण्यासारखं नाही. भावोजी त्याला काढा म्हणायचे. टाकीच्या तळाचा गाळ निघायचा तोही त्याच कॅनमध्ये जायचा. पूर्वी ते हे सगळं तिथल्याच मोरीत ओतून मोकळे व्हायचे. एकदा ताई काही कामाने हॉटेलात गेली आणि तिने त्यांना ओतताना पाहिलं. एवढं खाऊनपिऊन केलेलं, आणि मोरीत? असं तिने मॅनेजरच्या देखत विचारलं. तिच्या गच्चीवर तीसेक कुंड्या होत्या, आणि खतासाठी ती शेजाऱ्यांकडून फळांची सालं मागून आणणारी बाई. दुसऱ्या दिवसापासून कॅन घरी यायला लागला.

पहिल्या वर्षी तिने काढा तसाच झाडांना घातला आणि लिंबाच्या पानांच्या कडा करपल्या, इस्त्री जास्त तापली की कापड करपतं तशा. मिठामुळे. दुसरी कुणी असती तर कानाला खडा लावून गप्प बसली असती. ताईने पिंप आणलं. काढा पिंपात ओतायचा, हलवायचा नाही, गाळ खाली बसला की वरचं खारं पाणी नळीने काढून टाकायचं, गोडं पाणी भरायचं, ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं. आपण कपडे दोन पाण्यांतून काढतो, ती गाळ पाच-सहा पाण्यांतून काढायची. मीठ किती राहिलं ते बघायला भावोजींनी तिला एक भिंग आणून दिलं होतं, ते तिने जपून कपाटात ठेवलं ते ठेवलंच. ती वरच्या पाण्यात बोट बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायची आणि म्हणायची, "अजून एक पाणी." मला किळस यायची. मी म्हटलं, अगं कुणी बघितलं तर वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील. ती म्हणाली, टाकू देत, तिथे टाकी असली तर ह्यांनाच काम मिळेल.

पण खरं सांगते, तशी झाडं मी परत पाहिली नाहीत. बीट मुठीत मावायचं नाही. टोमॅटोला काठ्या पुरायच्या नाहीत, माझ्याकडच्या चिंध्या नेऊन ती बांधायची.

आता कॅन घरी यायचा कसा, ते सांगते. भावोजी सकाळी हॉटेलची टाकी उरकायचे आणि अकराच्या आत त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचं असायचं. तो वास घेऊन दवाखान्यात कोण शिरू देणार? म्हणून एक दिवसाआड ते वाटेत घराशी स्कूटर थांबवायचे, पंधरा लिटरचा कॅन जिन्याच्या तळाशी ठेवायचे, बेल दोनदा दाबायचे आणि निघून जायचे. इमारत चार मजली, लिफ्ट नाही. ताई खाली यायची आणि कॅन वर न्यायची. सात वर्षं हे असंच चाललं, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मलासुद्धा नाही, पहिली पाच वर्षं तरी.

गेल्या वर्षी एका सकाळी ताई गच्चीवर पिंपापाशी पडली ती पडलीच. तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण कपडे वाळत घालायला गेली म्हणून कळलं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. भावोजी तो कागद हातात धरून मला म्हणाले, हृदय तर शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं, कशाने पडलं ते कुणीतरी सांगा ना.

त्यांना असं वाटायला कारण होतं. त्याच आठवड्यात हॉटेलच्या टाकीत शर्टाच्या गुंड्यांसारखी दिसणारी प्रवाळं माजली होती. या जातीच्या अंगाला विष असतं, हे प्रत्येक टाकीवाल्याला ठाऊक. भावोजींनी चष्मा चढवला, कोपरापर्यंत हातमोजे घातले, दगडांवरून ती खरवडली, आणि हातमोजे नीट गुंडाळून कचऱ्यात टाकले. खरवडलेलं मात्र सवयीने रोजच्याच कॅनमध्ये गेलं. कॅन जिन्यापाशी गेला. दुसऱ्या दिवशी जेवताना ताई सहज म्हणाली, आज तुमचा काढा कडू लागला हो. भावोजी हसले, म्हणाले, काढा कडूच असायचा. चार दिवसांनी ती गेली.

आपण घरी पाठवलेल्या घाणीने आपली बायको मारली का, हा एकच प्रश्न त्या माणसाला आत आत खात होता. आणि उत्तर माझ्या पोटात होतं.

ताईच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. दोन वर्षांपासून. मी तिच्याबरोबर तीनदा मोठ्या दवाखान्यात गेले होते, आणि तिन्ही वेळा भावोजींना आम्ही पडद्यांचं कापड बघायला जातो म्हणून सांगितलं होतं. ते चेष्टा करायचे, एवढे दिवस बघताय, नाटकाचा पडदा आहे की काय. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि जिना बंद म्हणाले. वजन उचलायचं तर नावच काढू नका, असं माझ्याकडे बघून म्हणाले. बाहेर आल्यावर ताईने माझा दंड धरला. ह्यांना कळलं तर उद्यापासून कॅन बंद, गच्ची बंद, मग मी दिवसभर त्या दोन खोल्यांत भिंती बघत बसू का? तिला मूलबाळ नव्हतं. मी भांडले, रडले, शेवटी हात टेकले. तिने मला तिच्या गळ्याची शपथ घातली आणि मी ती पाळली. आजवर मी एकच गुपित राखलं आणि नेमकं हेच.

ती गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. झडप सांगितली असती तर विषाचा घोर मिटला असता. पण झडप म्हटलं की लगेच पुढे जिना येणार. दोन वर्षं एक दिवसाआड तो कॅन जिन्याच्या तळाशी कुणी ठेवला, ते त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं. विषाची निदान शंका होती, जिन्याची खात्री होती. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं आणि वर स्वतःला शहाणी समजले.

मग त्या घराचं जे झालं ते बघवत नव्हतं. भावोजी कामाला जायचे आणि एक दिवसाआड कॅन जिन्याच्या तळाशी ठेवून बेल दोनदा दाबून निघून जायचे. रिकाम्या घराची बेल. संध्याकाळी येऊन बघायचे, कॅन तिथेच. शेजारणीने वासाने हैराण होऊन एकदा तो स्वतःच गच्चीवर नेऊन ठेवला, तर हे पळत माझ्या दुकानात आले. ओठ पांढरे पडलेले. म्हणाले, कॅन वर गेलाय. मी शेजारणीला विचारून खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की मला माझी जीभ हासडावीशी वाटली.

पिंपाचं काम त्यांनी सोडलं नाही. भिंग कपाटातून काढलं, त्यात बघायचे, मीठ शून्य. तरी पाणी बदलायचे. आठ पाणी, दहा पाणी. झाडं पिवळी पडायला लागली, कारण एवढं धुतल्यावर गाळात राहणार काय, कप्पाळ! मी विचारलं, भावोजी, पुरे का करत नाही? ते अगदी साधेपणाने म्हणाले, "ती अजून एक म्हणते." मी रागावले. असलं काही नसतं, म्हटलं. पण एका सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते आणि खाली बेल दोनदा वाजली. तेव्हा माझ्या पाठीमागे पिंपाचं झाकण सरकवून ठेवल्याचा आवाज झाला. वारा असेल. मी वळून बघितलं नाही, आणि माझे पाय आपोआप जिन्याकडे निघाले होते.

असे दहा महिने गेले. भावोजी वाळत चालले होते. ओठांना भेगा, जेवण जाईना, दोनदा उलट्या झाल्या तर म्हणे पित्त. एका सुट्टीच्या दिवशी दहाच्या सुमारास मी त्यांच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन गेले. घरात नव्हते, म्हणून वर गेले. पिंपाच्या मागे ते उकिडवे बसले होते. समोर निळ्या झाकणाचा कॅन, पिंपाचा नव्हे, वेगळा. त्यांनी झाकण उघडलं, आत चमचा घातला, आणि आपण औषध घेतो तसं डोळे मिटून तोंडात घातलं.

मी डबा खाली टाकला. विचारलं काय हे. ते ओशाळले नाहीत, उलट कामाची गोष्ट सांगतात तसं सांगितलं. तो त्या आठवड्याचा कॅन होता. गुंड्यांचा. ताई गेली त्या दिवशी अर्धा उरला होता, तो त्यांनी झाकून ठेवला. आधी बोटाने जिभेला लावायचे, तिच्यासारखंच. काही होईना, म्हणून महिन्याभरापासून चमचा.

"कशासाठी?" मी विचारलं.

"मला काही झालं तर कळेल, याने गेली."

"आणि नाही झालं तर?"

"तर मी सुटलो." मग चमचा पुसत म्हणाले, "पण अजून नक्की सांगता येत नाही. अजून थोडं घ्यायला हवं."

मला काय झालं मला माहीत नाही. मी त्या कॅनला लाथ घातली. तो आडवा झाला आणि सगळं भसाभसा गच्चीच्या पन्हाळीतून खाली गेलं. भावोजी दोन्ही हातांनी ते अडवायला धावले. ओंजळीत धरायला बघत होते. हाताला काही लागेना तेव्हा तिथेच बसले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "आता मला कधीच कळणार नाही."

तेव्हा मी सांगितलं. शपथ गेली खड्ड्यात. झडपेचं सांगितलं, दोन वर्षांचं सांगितलं, पडद्यांच्या कापडाचं सांगितलं. विष नव्हतं, कडू लागायचं तर गोळ्यांनीही लागतं, असं मी बडबडत सुटले. ते ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सैलपणा येत होता, खांदे उतरत होते. मी मनात म्हटलं, सुटले बाई. आता गप्प बैस. पण मी गप्प बसून काय उपयोग, विचारणारे ते होते.

"डॉक्टरांनी पथ्य काय सांगितलं होतं?"

"मीठ कमी."

"आणि?"

"गोळ्या वेळेवर."

त्यांनी गच्चीच्या दाराकडे बघितलं. जिना तिथेच उघडतो. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही, आणि तेच उत्तर झालं.

ते रडले नाहीत, मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी ते ऐकून घेतलं असतं. गच्ची धुऊन काढली, पिंप पालथं घातलं आणि म्हणाले, तू जा आता. दहा-बारा दिवस त्यांनी मला तोंड दाखवलं नाही. मी रोज मशीनवर बसायचे आणि शिवण उसवून पुन्हा घालायचे. मी त्यांना विषातून काढलं आणि कुठे नेऊन टाकलं, हे मला समजत होतं. अजूनही समजतं. दुसरं काय करायला हवं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मग एका दुपारी ते दुकानाच्या दारात उभे राहिले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. म्हणाले, "ती कुठे कुठे थांबायची, ते मला दाखव."

मी गेले. शेवटच्या वर्षात मी तीन-चारदा तिच्याबरोबर तो जिना चढले होते, कॅनला एका बाजूने हात लावून, शिव्या देत. पहिल्या मजल्यावर ती कठड्याला टेकायची, ते दाखवलं. भावोजी तिथे उभे राहिले, कठड्यावर हात ठेवला. तिसऱ्यावर पायरीवरच बसायची, ते मी नंतर दाखवणार होते. पण त्याआधी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये वळणावर खिडकी आहे, तिथे माझी पावलं अडखळली, आणि त्यांना ते दिसलं.

सांगावं लागलं. त्या खिडकीतून रस्ता दिसतो, कोपऱ्यापर्यंत. बेल वाजली की ती लगबगीने खाली जायची, कॅन उचलायची, आणि स्कूटर चार लाथा खाऊन सुरू होऊन कोपऱ्यावर वळायच्या आत कशीबशी या खिडकीशी पोचायची. कॅन पायामागे लपवायची. पदराने घाम पुसायची, श्वास आवरून ताठ उभी राहायची, हसरा चेहरा करून. ह्यांनी वळून बघितलं तर आपण धापा टाकताना दिसायला नको, म्हणून. स्कूटर दिसेनाशी झाली की मग खाली बसायची.

भावोजी खिडकीशी गेले. बराच वेळ खाली बघत होते. रस्त्यावर एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता, बाकी कुणी नव्हतं.

"मी एकदाही वर बघितलं नाही," ते म्हणाले.

ते खरं होतं. ताईच मला म्हणाली होती, मी मेली रोज नटून उभी राहते आणि हा माणूस हेल्मेटात डोकं घालून पुढच्या टाकीचा विचार करत जातो. पण त्या माणसाकडे बघून ते माझ्याने म्हणवेना.

"एकदा बघितलं होतंत," मी म्हणाले. "तिने सांगितलं होतं मला. थंडीचे दिवस होते. कोपऱ्यावर स्कूटर थांबवलीत आणि मागे वळून वर बघितलंत. दिवसभर खूश होती."

शुद्ध थाप. तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं पकडले गेले. मग त्यांनी मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "आठवतंय."

आता गच्चीवर पुन्हा झाडं आहेत. कॅन तेच वर नेतात, खिडकीशी थांबतात, पाच पाण्यांत काम संपवतात. त्या थंडीतल्या सकाळची गोष्ट ते शेजारणीला सांगतात, डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावणाऱ्या बाईंना सांगतात, मलाही सांगतात, आणि मी मान डोलावते. परवा सांगता सांगता म्हणाले, तिने हिरवा स्वेटर घातला होता आणि डावा हात हलवला, उजव्या हाताला काढा लागला होता म्हणून.

स्वेटरचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. हाताचंही नाही.